नव्या ब्लॉगसाठी कीवर्ड शोधताना: जानेवारी ते सप्टेंबर

जानेवारीत मी शिलाई मशीनच्या घरगुती दुरुस्तीवर मराठीत ब्लॉग सुरू केला. शिवण येतं, मशीन उघडून साफ करता येतं, लिहायलाही आवडतं. अडत होतं ते ‘कीवर्ड ऑप्टिमायझेशन’पाशी, म्हणजे लोक गूगलवर जे शब्द टाकतात ते हेरून लेख त्यांना जुळवण्यापाशी. त्यावर जे वाचायला मिळायचं ते बहुतेक कुठलं तरी टूल विकत घ्यायला सांगून संपायचं. आता सप्टेंबर संपत आलाय आणि ब्लॉग शोधात सापडू लागलाय. मधल्या काळात काय केलं, कुठे ताटकळले, कशाचा उपयोग झाला हे आठवतंय तोवर लिहून काढतेय. नुकतंच डोमेन (साइटचं नाव) घेऊन बसलेल्या कुणाला तरी त्याने धीर येईल असं वाटतं.

खर्चाचं आधीच सांगते. डोमेन आणि होस्टिंगचं (साइट ठेवायच्या जागेचं) वर्षाचं शुल्क भरलं, त्यापलीकडे एक पैसाही लागला नाही. कीवर्डसाठी वापरलेलं सगळं फुकट होतं. वेळ मात्र भरपूर गेला.

ब्लॉग चालवायचं वर्डप्रेस बसवलं, त्याला एसईओचं (शोधात वर येण्याच्या तयारीचं) एक फुकट प्लगिन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, टाकलं आणि प्रत्येक लेखाखाली ‘फोकस कीवर्ड’ नावाचा एक चौकोन दिसायला लागला. शब्द भरला की लाल, नारिंगी, हिरवे ठिपके. नव्या माणसाचा इथेच जीव दडपतो, म्हणून नीट सांगते. त्या चौकोनात काय लिहिलंय हे गूगलला कळत नाही. तो शब्द शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात, उपशीर्षकांत आलाय का एवढंच प्लगिन मोजतं. मराठीत तर तेही त्याला धड जमत नाही. ‘दोरा’ भरलं आणि लेखात ‘दोऱ्याचा’, ‘दोऱ्याला’ असं आलं, की माझं प्लगिन शब्द सापडला नाही म्हणायचं. ठिपका हिरवा करण्यासाठी वाक्य वाकडं करायचं नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवलं. पानाच्या कोडमध्ये कीवर्डची यादी देणारा जुना मेटा टॅगही भरत बसू नका. क्रमवारी लावताना तो आपण विचारात घेत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

त्याच सुमारास गूगलचं स्वतःचं ‘एसईओ स्टार्टर गाइड’ वाचलं. फुकट आहे, फार मोठं नाही. त्यातलं एक वाक्य पुढे फार कामी आलं: केलेल्या बदलाचा परिणाम काही वेळा काही तासांत दिसतो, काही वेळा काही महिने लागतात. हे आधीच माहीत असलं की रोज आकडे बघून घाबरायला होत नाही. निदान कमी होतं.

शब्दांची पहिली यादी माझ्या फोनमध्ये आधीच होती. ओळखीतल्या बायका मशीन बिघडलं की मला मेसेज करतात. मी जुने मेसेज वर सरकवत गेले आणि प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा वहीत उतरवला. ‘मशीन टाका सोडतंय’, ‘खालून गुंता होतोय’, ‘वरचा दोरा सारखा तुटतोय’, ‘कापड पुढे सरकत नाही’, ‘मशीन जड चालतंय’. एका संध्याकाळी दोन पानं भरली.

त्या पानांशेजारी मी ठरवलेल्या लेखांची नावं लिहिली, तेव्हा फरक डोळ्यांत भरला. माझी नावं होती ‘वरच्या दोऱ्याचं टेन्शन’, ‘सुईची निवड’, ‘शटलची साफसफाई’. म्हणजे मी कारणाचं नाव लिहीत होते आणि विचारणारी लक्षण सांगत होती. कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की माणूस बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) दोष देतो, कारण गुंता खाली दिसतो. खरं कारण बहुतेक वेळा वर असतं. कापड दाबून धरणारा प्रेसर फूट खाली असताना दोरा ओवला, की तो ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही, मोकळा सुटतो आणि खाली गोळा होतो. हे जिला माहीत आहे तिला लेखाची गरज नाही. जिला माहीत नाही ती ‘टेन्शन’ हा शब्द शोधणारच नाही. ती लिहिणार ‘मशीन खालून दोरा गुंता’. कीवर्ड निवडणं म्हणजे काय, हे मला या एका उदाहरणाने कुठल्याही टूलपेक्षा जास्त शिकवलं. शीर्षकात लक्षण घ्यायचं, कारण लेखात उलगडायचं.

मग गूगलच्या शोधपेटीतल्या सूचना. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडायची, म्हणजे आपल्याच जुन्या शोधांची त्यात फार भेसळ होत नाही. ‘शिलाई मशीन’ लिहून जागा सोडायची आणि पुढे एकेक अक्षर घालून बघायचं: क, ख, ग… प्रत्येक अक्षराला वेगळ्या सूचना येतात. ‘का’, ‘कसं’, ‘कोणती’ हे प्रश्नशब्द घालूनही बघा. निकालांमधली ‘लोक हेही विचारतात’ची पेटी आणि पानाच्या तळाशी येणारे संबंधित शोध हेही उतरवून घ्या. हे कंटाळवाणं काम आहे, पण दोन-तीन बैठकांत विषयाचा सगळा परीघ समोर येतो. मला त्यात ‘मशीनला तेल कुठे घालायचं’ मिळालं. ते मी इतकी वर्षं हातानेच करत आले होते, की कुणाला विचारावंसं वाटत असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक अडचण येते. लिपी एकच असल्याने हिंदी सूचना मधे मिसळतात. ‘सिलाई’, ‘धागा’ असलेल्या सूचना मी काढून टाकल्या. त्या शोधातून येणाऱ्या वाचकाला मराठी पान उपयोगाचं नाही. मराठी प्रश्न रोमन लिपीत टाइप करणारेही बरेच आहेत. त्यांच्यासाठी वेगळे लेख लिहिले नाहीत, पण पुढे पानाचा पत्ता ठरवताना त्यांचा विचार केला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला गूगलच्या कीवर्ड प्लॅनरकडे वळले. एखादा शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो ते त्यात दिसतं. हे टूल जाहिरातदारांसाठी आहे, त्यामुळे गूगल अॅड्सचं खातं काढावं लागतं. खातं काढताना प्रत्येक पायरीवर ते जाहिरात तयार करायला सुचवतं. जाहिरात चालवायची नसेल तर प्रत्येक पडदा शांतपणे वाचा, बजेट भरायला सांगणारा टप्पा तर दोनदा वाचा, आणि चुकून काही सुरू झालेलं नाही ना हे शेवटी खात्यात जाऊन बघा. मला यात अख्खी दुपार गेली.

आत गेल्यावर भाषा मराठी निवडली, वहीतले शब्द टाकले. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला नेमके आकडे दिसत नाहीत, पट्टे दिसतात: महिन्याला १० ते १००, १०० ते १,००० असे. ‘स्पर्धा’ नावाचा रकाना बघून दचकू नका. एका शब्दावर जाहिरातदारांची किती चढाओढ आहे ते तो सांगतो. तुमच्या लेखाला वर यायला किती कठीण जाईल याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि माझ्या वहीतल्या निम्म्याहून जास्त वाक्यांपुढे आकडाच नव्हता, नुसती आडवी रेघ.

त्या रात्री वाटलं, हे कुणी शोधतच नसेल तर लिहायचं कशाला? शोधांचा कल दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्समध्ये बघितलं, तिथेही पुरेशी माहिती नाही. ट्रेंड्सवर २००४ पासूनची माहिती असते, पण ती ० ते १०० या सापेक्ष मापात. दोन मोठ्या शब्दांची तुलना करायला ते चांगलं, लहान वाक्यांना निरुपयोगी. सावरले ती दोन गोष्टींमुळे. गूगलच्याच म्हणण्यानुसार रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध आधी कधीच न झालेले असतात. आणि हे प्रश्न खऱ्या माणसांनी मला खरोखर विचारले होते, तारखेसकट फोनमध्ये होते. टूलमध्ये आकडा नाही याचा अर्थ टूलकडे माहिती नाही, एवढाच घ्यायचा. रेघ असलेली सगळी वाक्यं यादीत ठेवली. आज जे लेख सापडतायत त्यांतले बरेच याच वाक्यांवरचे आहेत.

पैसे देऊन मिळणारी टूल्स घ्यावीत का? मी घेतली नाहीत. त्यांत शब्दापुढे ० ते १०० असा ‘कठीणपणा’ दाखवतात, तो त्या कंपनीचा स्वतःचा अंदाज असतो, गूगलचा आकडा नव्हे. पहिल्या वर्षात, आणि मराठीसारख्या भाषेत, त्या अंदाजावर पैसे घालावेत असं मला वाटत नाही. फुकट चाचणी घेणार असाल आणि कार्डाचा नंबर मागत असतील, तर रद्द करायची तारीख त्याच क्षणी कॅलेंडरमध्ये टाका.

कठीणपणा मी डोळ्यांनी मोजला. शब्द गूगलवर टाकायचा आणि पहिलं पान वाचायचं. नुसतं ‘शिलाई मशीन’ टाकलं की सगळी दुकानं आणि कंपन्या. शोधणाऱ्याला मशीन विकत घ्यायचंय. माझ्या लेखाचं तिथे काही काम नाही. संगणकशास्त्रज्ञ अँड्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये शोधांचे तीन प्रकार मांडले होते: माहिती हवी असलेले, एखाद्या ठरावीक साइटवर जायचं असलेले आणि काही व्यवहार करायचा असलेले. ही विभागणी आजही हाताशी धरायला पुरते. ‘मशीन टाका का सोडतं’ टाकलं तर काही व्हिडिओ, एक-दोन हिंदी पानं आणि खाली विषयाशी फारसं देणंघेणं नसलेलं काहीबाही. मराठीत नीट उत्तर देणारं पान नाही, म्हणजे इथे जागा आहे. अशा वाक्यांसमोर वहीत बरोबरची खूण केली आणि त्यांतून सुरुवातीचे लेख निवडले. एका लेखात एकच प्रश्न.

लिहिताना नियम फार ठेवले नाहीत. प्रश्न शीर्षकात, शक्यतो सुरुवातीलाच. पहिल्या दोन-तीन ओळींत थोडक्यात उत्तर. जिचं मशीन अडलंय तिला प्रस्तावना वाचायला लावू नये. उपशीर्षकांमध्ये तिचेच पुढचे प्रश्न: ‘सुई बदलूनही टाका सुटतो’, ‘फक्त ताणल्या जाणाऱ्या कापडावर टाका सुटतो’. फोटोच्या पर्यायी मजकुरात (फोटो दिसला नाही तर त्याच्या जागी येतो तो) फोटोत जे दिसतं ते सरळ शब्दांत. मेटा डिस्क्रिप्शनने (पानाच्या दोन ओळींच्या सारांशाने) क्रमवारी सुधारत नाही, पण निकालाखाली ती दिसू शकते आणि ती वाचून माणूस आत येतो, म्हणून प्रत्येक लेखाला हाताने लिहिली. शब्द किती टक्के वेळा यावा याचं कुठलंही अधिकृत प्रमाण नाही. उलट शब्द कोंबणं गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात बसतं. लेख मोठ्याने वाचून बघते. कानाला खटकलं तर तो शब्द काढते.

पानाच्या पत्त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मराठीत लिहिणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. ‘शिलाई मशीनमध्ये खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता का होतो’ असं शीर्षक दिलं. वर्डप्रेसने त्यावरून पत्ता आपोआप बनवला, आणि तो ‘शिलाई-मशीनमध्ये-खालच्या’ इथेच संपला. कारण साधं आहे. पत्त्यात देवनागरी अक्षर सरळ साठवलं जात नाही; टक्केचिन्हं आणि अक्षर-आकड्यांच्या रूपात ते ९ जागा घेतं. काना, वेलांटी, मात्रा, पायमोडीची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागाला २०० जागांची मर्यादा आहे, म्हणजे जेमतेम बावीस खुणा. शिवाय असा पत्ता मेसेजमध्ये चिकटवला की टक्केचिन्हांची लांबच लांब माळ होते आणि लोकांना ती धोक्याची लिंक वाटते. गूगलला देवनागरी पत्ता चालतो. पण मी पत्ते रोमन लिपीत, चार-पाच शब्दांचे, लोक टाइप करतात त्या स्पेलिंगने हाताने लिहिले. हे लेख प्रसिद्ध करण्याआधीच करायचं. नंतर पत्ता बदलला तर जुन्यावर आलेल्याला कायमचं नव्यावर नेणारं ३०१ रिडायरेक्ट नीट लागलंय ना हे बघणं आलं.

मार्चमध्ये सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल. हे फुकट आहे आणि माझ्या मते एकच टूल ठेवायचं असेल तर हेच ठेवावं. त्यासाठी साइट आपलीच आहे हे सिद्ध करावं लागतं, त्याचे बरेच मार्ग आहेत. अख्ख्या डोमेनसाठी डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींमध्ये) सहसा टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची एक ओळ, घालावा लागतो. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ती जागाच सापडेना, मदतकेंद्राला लिहिलं तर उत्तर यायला काही दिवस गेले आणि आलं तेही दुसऱ्याच प्रश्नाचं. शेवटी डीएनएसचं पान सापडलं ते डोमेन जिथून घेतलं तिथल्या खात्यात. होस्टिंग एकीकडचं आणि डोमेन दुसरीकडचं असेल तर आधी तिथे बघा. रेकॉर्ड घातल्यावर लगेच ‘पडताळणी अयशस्वी’ आलं तरी तो काढू नका. बदल पसरायला वेळ लागतो. माझं दुसऱ्या दिवशी झालं. हे फारच जड वाटलं तर फक्त ठरावीक पत्त्यासाठी नोंदणी करून एचटीएमएल टॅगने पडताळणी करता येते, ती प्लगिनमध्ये कोड चिकटवला की होते.

साइटमॅप (सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी) दिला, महत्त्वाच्या पानांसाठी इंडेक्सिंगची, म्हणजे गूगलच्या नोंदीत घेण्याची, विनंती केली. आणि मग काहीच नाही. बरीच पानं ‘सापडलं, सध्या इंडेक्स केलेलं नाही’ या शेऱ्यावर अडकून राहिली. हा काळ सगळ्यात अवघड गेला. एवढं मन लावून लिहिलेलं कुणाच्या नजरेलाच पडत नाही हे रोज बघणं खरंच निराश करतं. पुन्हा पुन्हा विनंती करून काही घडत नाही, त्याने रांगेत पुढे सरकता येत नाही. मी त्या दिवसांत लेख एकमेकांना जोडले: गुंत्याच्या लेखातून दोरा ओवण्याच्या लेखाकडे, तिथून सुईच्या लेखाकडे. लिंक ‘इथे क्लिक करा’ अशा शब्दांवर न देता ‘दोरा ओवताना प्रेसर फूट वर का हवा’ अशा पूर्ण वाक्यावर दिली. एप्रिलमध्ये पानं एकेक करून आत यायला लागली. जोडणीमुळे की नुसत्या वेळामुळे, ते सांगता येणार नाही.

मे महिना इम्प्रेशनचा, म्हणजे निकालात नुसतं दिसण्याचा. पान निकालात दिसतंय, क्लिक नाही, सरासरी स्थान चाळिशीत. बऱ्याच जणी इथे सोडून देतात. मला मात्र हीच खरी सुरुवात वाटली, कारण आता पहिल्यांदा अंदाज नव्हता, लोकांनी प्रत्यक्ष टाइप केलेली वाक्यं समोर होती. परफॉर्मन्स अहवालात एक पान निवडायचं आणि ‘क्वेरी’चा टॅब उघडायचा. त्या पानापर्यंत कोणते शब्द पोचतायत ते दिसतं. अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवले जातात, त्यामुळे यादीची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही. ते तसंच असतं. पक्के आकडे यायलाही दोनेक दिवस लागतात.

गुंत्याच्या लेखाच्या यादीत मला ‘बॉबिन भरताना दोरा सैल’ आणि ‘मशीन सुरू करताना दोरा अडकतो’ ही वाक्यं दिसली. दुसऱ्याचं उत्तर लेखात नव्हतंच: शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची, पहिले काही टाके होईपर्यंत. त्यावर उपशीर्षक आणि एक फोटो घातला. पहिलं वाक्य वेगळ्या लेखाचं होतं, तो लिहिला. मूळ शीर्षकातलं ‘खालच्या बाजूला’ काढून ‘खालून’ केलं, कारण यादीत सगळीकडे ‘खालून’ होतं. मग त्या पानाला महिनाभर हात लावला नाही. बदल केले की तारीख वहीत लिहायची आणि थांबायचं, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. जुलैच्या मध्यापर्यंत ते पान पहिल्या दहाच्या आसपास आलं आणि क्लिक सुरू झाले.

जूनमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. ‘दोरा तुटतो’साठी माझी दोन पानं आलटून-पालटून येत होती, एक दोऱ्याच्या दर्जावर, एक सुईवर. दोन्ही मधेच लोंबकळत होती. सुईवरच्या लेखातला कामाचा भाग पहिल्यात घेतला, जुन्या पत्त्यावरून रिडायरेक्ट लावलं. काही आठवडे आकडे खाली गेले, मग एकच पान स्थिरावलं.

आज, सप्टेंबरअखेर, दिवसाला मोजके का होईना पण नियमित वाचक गूगलवरून येतात, जवळपास सगळे लक्षणांच्या वाक्यांवरून. दर महिन्याच्या सुरुवातीला क्वेरींची यादी उतरवून घेते, कारण सर्च कन्सोल १६ महिन्यांपुरतीच माहिती ठेवतं. या वेळच्या यादीत वर आलंय ‘नवीन सुई लावली तरी दोरा तुटतो’. नवा लेख नको. दोरा तुटण्याच्या जुन्या लेखात सुईची सपाट बाजू कोणत्या दिशेला यावी यावर एक उपशीर्षक वाढवायचंय, आणि फोटो यावेळी जरा जवळून काढायचाय.